भारतीय मोटरसायकलिंगचे ‘हॉल ऑफ फेम’ : तुम्ही कोणाचे नामांकन कराल आणि कशाच्या आधारावर?

वळणवाट (धागाकर्ते)

नमस्कार. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशन ही संस्था १९२४ साली स्थापन झाली आणि तिचे हॉल ऑफ फेम, म्हणजे या क्षेत्रातल्या मानकऱ्यांची यादी आणि संग्रहालय, ओहायो राज्यातल्या पिकरिंग्टन येथे आहे. तेथे केवळ शर्यती जिंकणाऱ्यांनाच स्थान मिळते असे नाही. रचना, अभियांत्रिकी, उद्योग, मोटरसायकलस्वारांच्या हक्कांसाठी केलेले काम, या साऱ्यांचा विचार होतो, आणि म्हणूनच होंडा कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडा आणि ओळीने उभ्या केलेल्या गाड्यांवरून मोटरसायकल उडवणारे एव्हेल कनीव्हल ही दोन नावे एकाच यादीत दिसतात.

आपण या धाग्यावर भारतीय मोटरसायकलिंगसाठी अशी नामांकने करावीत, असे मला मनापासून वाटते. मात्र एक विनंती आहे. ‘हा माझा आवडता रायडर’ एवढ्यावर थांबू नये. नामांकन ही दाद नसून ते एक निवेदन आहे, आणि त्यात तीन गोष्टी याव्यात : त्या व्यक्तीच्या आधी परिस्थिती काय होती, तिने नेमके काय केले, आणि ते झाले याला आधार कोणता. आधाराशिवाय केलेली स्तुती पुढच्या पिढीच्या उपयोगाची नसते.

माझे पहिले नामांकन बंगळुरूच्या सी. एस. संतोष यांचे. २०१५ साली दक्षिण अमेरिकेत झालेली डकार रॅली, म्हणजे वाळवंटातून टप्प्याटप्प्याने होणारी लांब पल्ल्याची शर्यत, त्यांनी छत्तिसाव्या क्रमांकाने पूर्ण केली आणि ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. छत्तिसावा क्रमांक ऐकून ज्यांना विशेष वाटत नाही, त्यांनी तेथे रायडरला काय करावे लागते ते पाहावे. जवळजवळ दोन आठवडे रोज शेकडो किलोमीटर वाळू आणि खडक तुडवायचे, आणि त्या काळात वाट शोधण्यासाठी हँडलच्या वर बसवलेल्या पेटीत कागदाची गुंडाळी असे. डाव्या अंगठ्याशी असलेल्या बटणाने ती पुढे सरकवायची, तिच्यावरची छोटी चित्रे आणि अंतरे वाचायची, आणि हे सर्व उभ्याने, भर वेगात गाडी चालवत असताना करायचे. एक खूण हुकली की रायडर भलत्याच टेकडीमागे पोहोचतो. हे कौशल्य शिकवणारी कोणतीही परंपरा आपल्याकडे नसताना संतोष यांनी ते मिळवले, हे मला त्यांच्या क्रमांकापेक्षा मोठे वाटते.

उद्योजकांची नामांकने घ्यावीत की नाही, याबद्दल माझे मत अजून बनलेले नाही. त्यावरही लिहा.

ओहायोकर

धाग्याबद्दल आभार. मी कोलंबसजवळ राहतो आणि पिकरिंग्टनचे संग्रहालय पाहिलेले आहे. तुमच्या ‘आधार’ या मुद्द्याला जोडून दोन नामांकनांविषयी लिहितो.

ऑगस्टा आणि अॅडलिन व्हॅन ब्यूरेन या दोन बहिणी १९१६ साली ‘इंडियन’ या अमेरिकन कंपनीच्या दोन मोटरसायकलींवरून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर गेल्या. सैन्याचे निरोप मोटरसायकलवरून पोहोचवण्याचे काम बायकाही करू शकतात, हे त्यांना सिद्ध करायचे होते. वाटेत पुरुषी कपडे घातले म्हणून त्यांना अटक झाली, प्रवास पूर्ण झाला, आणि तरीही अॅडलिन यांचा सैन्याकडे केलेला अर्ज नाकारला गेला. हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव लागले ते २००२ साली, म्हणजे ८६ वर्षांनी. त्या प्रवासाची नोंद कागदावर शिल्लक होती म्हणूनच हे शक्य झाले.

त्याच वर्षी बेसी स्ट्रिंगफील्ड यांचेही नाव लागले. वर्णद्वेषाचे कायदे अमलात असतानाच्या अमेरिकेत एका कृष्णवर्णीय स्त्रीने एकटीने मोटरसायकलवरून देशभर फिरणे म्हणजे काय, याची कल्पना करा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यासाठी निरोप्याचे कामही केले. त्यांचे निधन १९९३ साली झाले. आपला जन्म जमैकात झाला असे त्या स्वतः सांगत असत. पुढे संशोधकांना कागदपत्रांतून त्या नॉर्थ कॅरोलायनात जन्मल्याचे आढळले. त्यांचे कर्तृत्व याने तसूभरही कमी होत नाही, पण हयात माणसाची माहिती त्याच्या हयातीतच नीट लिहून ठेवावी, हा धडा मात्र मिळतो.

घाटमाथा

संतोष यांच्याबद्दल मला आदर आहे, तरीही ‘पहिला’ हा निकष मला अपुरा वाटतो. पहिले असणे हे अंशतः काळावर अवलंबून असते. मी केरळमधल्या शोरणूरच्या हरिथ नोहा यांचे नाव वर ठेवीन. २०२१ मध्ये ते डकारमध्ये विसावे आले, आणि २०२४ मध्ये एकूण अकराव्या क्रमांकासह रॅली-२ या (अव्वल व्यावसायिक रायडरांच्या खालच्या) वर्गात पहिले आले. डकारमध्ये एखाद्या वर्गाचे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय आहेत.

वळणवाट

घाटमाथा, तुम्हीही शेवटी ‘पहिले’ याच शब्दावर आलात! पण मुद्दा रास्त आहे. दोघांचीही नामांकने स्वतंत्रपणे लिहावीत. मला वाटते, संतोष यांच्या निवेदनाचा भर त्यांनी पाडलेल्या पायंड्यावर असेल, तर नोहा यांच्या निवेदनाचा भर निकालावर असेल.

केतकी_ना

ऐश्वर्या पिस्से यांचे नाव अजून कोणी घेतले नाही याचे आश्चर्य वाटते. २०१९ साली त्यांनी एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या बाहा (खडतर प्रदेशातल्या छोट्या रॅली) विश्वचषकात महिलांचे विजेतेपद मिळवले. मोटरस्पोर्टमध्ये जागतिक विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती असा त्यांचा उल्लेख होतो. स्त्री म्हणून पहिली असे मी म्हणत नाही, भारतीयांमध्ये पहिली असे म्हणते आहे, आणि हा फरक निवेदनात ठळकपणे यायला हवा.

त्याच्या आदल्याच वर्षी स्पेनमधल्या बाहा अरागोनमध्ये त्यांना अपघात होऊन स्वादुपिंडाला गंभीर इजा झाली होती. अशा इजेनंतर पुन्हा गाडीवर बसणेच अवघड असते. त्या बसल्या आणि पुढच्या वर्षी जिंकल्या.

दुसरे नाव पुण्याच्या ऊर्वशी पाटोळे यांचे सुचवते. ‘द बायकर्नी’ हा महिला मोटरसायकलस्वारांचा गट २०११ साली पुण्यात सुरू झाला, तो त्यांच्या पुढाकाराने. त्यांच्या नावावर शर्यतींची पदके शोधू नयेत. एकेकटीने मोटरसायकल चालवणाऱ्या आणि नातेवाइकांपासून सिग्नलवरच्या अनोळखी माणसांपर्यंत सर्वांना उत्तरे देत बसणाऱ्या बायकांना एकमेकींची ओळख करून देणे, हे त्यांचे काम. मी स्वतः मोटरसायकल शिकले तेव्हा गावात विचारायला एकही बाई नव्हती, त्यामुळे अशा गटाची किंमत मला ठाऊक आहे.

मीमांसक

केतकीताई, ऐश्वर्या यांच्या नामांकनाला पूर्ण अनुमोदन. दुसऱ्या नावाबाबत एक शंका विचारतो, ती विरोध म्हणून घेऊ नये. गट स्थापन करणे, लांबचा प्रवास करणे, या गोष्टी आज अनेक जण करतात. २०२३ साली नऊवारी नेसून जगप्रवासाला निघालेल्या रमिला लटपटे यांचेही कौतुक सर्वत्र झाले. अशा कामांना हॉल ऑफ फेमच्या पातळीवर नेण्याचा निकष कोणता? नाही तर प्रत्येक लडाखवारीचे नामांकन येईल.

केतकी_ना

मीमांसक, निकष धागाकर्त्यांनीच दिलेला आहे : आधी काय नव्हते आणि नंतर काय झाले. लडाखला जाऊन आलेल्या माणसामुळे इतरांसाठी काही बदलले का, हे विचारावे. गटामुळे इतर बायका गाडीवर बसल्या असतील तर बदल झालेला आहे. व्हॅन ब्यूरेन भगिनींनीही एक प्रवासच केला होता, पण त्यामागे एक मागणी होती. रमिला यांच्या प्रवासालाही हाच प्रश्न लावावा आणि मग ठरवावे; पोशाखामुळे प्रसिद्धी मिळाली म्हणून त्यांना झुकते माप देऊ नये, तसेच त्याच कारणाने त्यांचे मोल कमीही करू नये.

जुना_जावा

मी सोलापूरचा, वय वर्षे ६८. माझे नामांकन रुस्तुम आणि फारुख इराणी यांचे. चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्याने त्यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’चा कारखाना उभारला. १९६१ मध्ये तो सुरू झाला, पुढे गाड्यांवर ‘येझ्दी’ हे नाव आले, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. त्या गाड्यांनी ग्रामीण आणि निमशहरी भागात मोटरसायकल म्हणजे काय ते शिकवले. ज्यांनी ती चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो : तिची किक आणि गिअरचा दांडा एकच होता. तो आत दाबून मागे उभा केला की किक, गाडी सुरू झाली की पुढे आणून गिअर. नवख्या माणसाच्या हाती गाडी दिली तर तो किक कुठे आहे हे शोधत राही.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते सांगतो. या गाड्या कारखाना बंद पडल्यावरही धावत राहिल्या, त्या मेकॅनिकांमुळे. आमच्या पेठेत एक मिस्त्री होते. इग्निशनचे टायमिंग लावताना ते सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटच्या (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काच्या) फटीत धरत, दुसऱ्या हाताने मॅग्नेटो अगदी सावकाश फिरवत, आणि ज्या क्षणी कागद सैल होऊन सुटे त्या क्षणी पिस्टन कुठे आहे ते प्लगच्या भोकातून घातलेल्या सळीवर पाहत. पॉइंट उघडण्याचा नेमका क्षण त्या कागदाने कळत असे. अशी माणसे प्रत्येक तालुक्यात होती. त्यांच्या नावावर ना कंपनी, ना करंडक. यांचे नामांकन कोणत्या सदरात करायचे?

दुचाकी_प्रेमी

जुना_जावा काका, वाचून फार बरे वाटले. कृपया त्या मिस्त्रींबद्दल वेगळा धागाच काढा.

ओहायोकर

काकांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. रचना आणि अभियांत्रिकीचे सदर इथे आहे, पण त्यात प्रामुख्याने यंत्र घडवणारे येतात. यंत्र जिवंत ठेवणारे क्वचितच. आपल्याकडे ‘देखभाल आणि कारागिरी’ असे स्वतंत्र सदर असावे असे मी सुचवतो. ज्या देशात सुटे भाग मिळत नसताना गाड्या तीस-चाळीस वर्षे चालवल्या गेल्या, त्या देशाच्या यादीत हे सदर नसेल तर ती यादी अपुरी राहील.

घाटमाथा

उद्योजकांच्या प्रश्नावर माझे मत स्पष्टपणे नकारार्थी आहे. त्यांच्या कामाची पावती बाजाराने दिलेली असते. ‘हिरो’ समूहाचे संस्थापक ब्रिजमोहन लाल मुंजाल यांना २००५ साली पद्मभूषण मिळाले. त्यांना आपल्या यादीची गरज नाही; रायडरला आहे.

मीमांसक

सहमत नाही. यादी गरजूंसाठी नसते, ती इतिहासासाठी असते. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली तेव्हा रस्त्यावर बहुतेक गाड्या टू-स्ट्रोक होत्या. पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचे, मागे निळसर धूर सोडत जायचे आणि दर काही दिवसांनी काळा पडलेला प्लग साफ करायचा, हा सर्वसामान्य माणसाचा परिपाठ होता. फोर-स्ट्रोक इंजिनाने तो मोडला, आणि इंधनाचा खर्च एवढा खाली आला की पगारदार माणूस स्कूटर सोडून मोटरसायकलकडे वळला. या बदलाचा उल्लेख नसलेली यादी म्हणजे निव्वळ शर्यतींची गुणपत्रिका होईल.

आपल्या चाकण-आकुर्डीचे उदाहरण घ्या. २००१ मध्ये बजाजने पल्सर आणली. मोटरसायकल म्हणजे मायलेज हे समीकरण तोवर पक्के झाले होते. परवडणाऱ्या किमतीत थोडी ताकद आणि थोडा रुबाब देता येतो, हे पल्सरने दाखवले. आज जे तरुण ट्रॅकवर दिसतात त्यांपैकी कितीतरी जणांची पहिली गाडी तीच असते. मात्र येथे नामांकन मालकाचे करावे की ती गाडी घडवणाऱ्या अभियंत्यांचे, हा प्रश्न मी खुला ठेवतो. माझा कल अभियंत्यांकडे आहे.

दुचाकी_प्रेमी

मग १९७२ च्या लुनाचे काय? फिरोदियांच्या कायनेटिकची लुना पेडल मारत सुरू करणारी माझी आई गावातली पहिली ‘गाडीवाली’ बाई होती.

मीमांसक

लुना मोपेड आहे, तेव्हा सदराचा प्रश्न येईल. पण ‘आधी काय नव्हते’ या कसोटीला ती उतरते. अरुण फिरोदिया यांचे नाव विचारार्थ ठेवावे. अनुमोदन.

चेन्नईस्थित

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीनिमित्त बरीच वर्षे चेन्नईत आहे. सर्व चर्चा गेल्या काही वर्षांतल्या नावांभोवती फिरते आहे, म्हणून थोडे मागे नेतो.

चेन्नईच्या उत्तरेला शोळावरम येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तेथे शर्यती भरवल्या, आणि कित्येक दशके भारतातल्या मोटरसायकल शर्यतींचे ते मुख्य ठिकाण होते. १९९० च्या सुमारास श्रीपेरंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे खराखुरा ट्रॅक झाला आणि शोळावरम मागे पडले. विमानासाठी बांधलेल्या सरळसोट काँक्रीटवर गवताच्या पेंढ्या आणि पिंपे मांडून वळणे तयार करायची, आणि घरगुती वापराच्या गाड्या स्वतःच्या गॅरेजमध्ये सुधारून तेथे पळवायच्या, अशा परिस्थितीत ती पिढी घडली. येथल्या जुन्या मंडळींशी बोलताना नावे भराभर निघतात, पण ‘कोणत्या वर्षी, कोणत्या वर्गात, कितवा’ असे विचारले की दोघांची दोन उत्तरे येतात. निकालपत्रे कुणाच्या तरी माळ्यावर असतील किंवा रद्दीत गेली असतील. बेसी स्ट्रिंगफील्ड यांच्या बाबतीत जे झाले ते येथे शेकडो जणांच्या बाबतीत होऊ घातले आहे.

आणखी एक नाव, आणि ते मराठी माणसाचे आहे म्हणून नव्हे, तर कामामुळे : अरविंद पानगावकर. टीव्हीएसच्या रेसिंग विभागाचे ते अनेक वर्षे प्रमुख होते. कारखान्याच्या पाठबळाने रायडर घडवणे, एकाच मॉडेलच्या गाड्यांवर नवोदितांना शर्यतीची संधी देणे, आणि पुढे शेर्को या फ्रेंच मोटरसायकल कंपनीबरोबर डकारमध्ये उतरणे, ही साखळी त्या विभागाने उभी केली. के. पी. अरविंद आणि हरिथ नोहा हे दोघेही त्याच संघाकडून डकारला गेले. रायडर जिंकल्याचे सर्वांना दिसते. त्याला गाडी, सराव आणि पुढच्या वर्षाची हमी कोणी दिली, हे नामांकनातच सांगावे लागते.

घाटमाथा

चेन्नईस्थित, शेवटचे वाक्य पूर्ण पटले. त्यावरून एक अवघड प्रश्न पुढे ठेवतो. ‘भारतीय मोटरसायकलिंग’ म्हणजे केवळ भारतीय नागरिक का? २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या आसेन येथे फ्रान्चेस्को बान्याया यांनी महिंद्राच्या गाडीवर मोटो-३ ची (मोटोजीपी या जागतिक ट्रॅक स्पर्धेतल्या लहान इंजिनांच्या वर्गाची) शर्यत जिंकली. भारतीय कंपनीचा तो त्या स्पर्धेतला पहिला विजय होता. रायडर इटलीचा, नाव आपले. हे यादीत बसते का?

केतकी_ना

बान्याया यांचे नाव त्यांच्या देशाच्या आणि मोटोजीपीच्या इतिहासात सुरक्षित आहे. त्यासाठी मी आग्रह धरणार नाही. पण परदेशी माणसासाठी दार उघडायचेच असेल, तर मला पोर्तुगालचे पाऊलो गोन्साल्विस आठवतात.

संतोष ज्या २०१५ च्या डकारमध्ये छत्तिसावे आले, त्याच रॅलीत गोन्साल्विस दुसरे आले होते. पुढच्या वर्षी, शर्यतीत अग्रभागी असताना, मॅथियास वॉकनर हा प्रतिस्पर्धी मांडीचे हाड मोडून पडलेला दिसला तेव्हा ते थांबले आणि मदत येईपर्यंत त्याच्याजवळ राहिले. अशा रायडरला हिरोने आपल्या संघात घेतले, आणि १२ जानेवारी २०२० रोजी सौदी अरेबियात, हिरोच्या गाडीवर असतानाच, अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे मेव्हणे जोआकिम रॉड्रिग्ज हेही त्याच संघात होते. २०२२ मध्ये रॉड्रिग्ज यांनी डकारचा एक टप्पा जिंकला आणि भारतीय कंपनीच्या गाडीला डकारमधला पहिला टप्पाविजय मिळाला. २०२४ मध्ये रॉस ब्रांच याच संघाकडून एकूण दुसरे आले.

ज्या माणसाने भारतीय गाडीवर प्राण सोडला त्याचे नाव नागरिकत्वाच्या रकान्यामुळे गळावे, हे मला मान्य नाही.

जुना_जावा

केतकीताई, तुमच्या या नामांकनाला माझे अनुमोदन.

घाटमाथा

माझेही. प्रश्न विचारला होता, उत्तर मिळाले.

मीमांसक

मूळ प्रश्नाकडे परत येतो. संतोष यांच्या निवेदनात २०२१ च्या अपघाताचा उल्लेख करावा का? डकारच्या चौथ्या टप्प्यात ते कोसळले, आणि रियाधच्या रुग्णालयात त्यांना औषधांनी बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले. मला भीती वाटते ती अशी की अपघाताचे वर्णन आले की वाचक सहानुभूतीने मत देतो आणि कामाचे मूल्यमापन मागे पडते.

वळणवाट

उल्लेख करावा, पण एका वाक्यात आणि विशेषणांशिवाय, असे मला वाटते. ऐश्वर्या यांच्या बाबतीतही तेच. ज्या खेळात ही जोखीम आहे, त्या खेळाच्या नोंदीतून ती वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

उद्योजकांबद्दल आता माझे मत झाले आहे : घ्यावेत, पण विक्रीच्या आकड्यांवरून नव्हे. काकांच्या मिस्त्रींसाठी ओहायोकरांनी सुचवलेले सदर मी मूळ धाग्यात जोडतो. काका, त्यांच्या कुटुंबीयांची संमती घेऊन नाव, गॅरेज कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत चालले, आणि त्यांच्या हाताखाली कोण शिकले, एवढे लिहून पाठवावे. चेन्नईस्थित, जुन्या मंडळींशी बोलणे होईल तेव्हा त्यांच्याकडच्या निकालपत्रांची आणि छायाचित्रांच्या मागे लिहिलेल्या तारखांची छायाचित्रे घ्यावीत. दोघांची उत्तरे जुळत नसतील तर दोन्ही नोंदवावीत.

नमुना म्हणून पहिल्या नामांकनाचा मसुदा देतो, दुरुस्त्या सुचवाव्यात :

‘सी. एस. संतोष, बंगळुरू. सदर : रॅली आणि ऑफ-रोड. २०१५ पूर्वी एकाही भारतीय रायडरने डकार रॅली पूर्ण केलेली नव्हती. त्या वर्षी त्यांनी ती छत्तिसाव्या क्रमांकाने पूर्ण केली. पुढे हिरो या भारतीय कंपनीच्या संघाकडून ते याच रॅलीत उतरले. २०२१ मध्ये चौथ्या टप्प्यात त्यांना गंभीर अपघात झाला. त्यांच्यानंतर के. पी. अरविंद आणि हरिथ नोहा यांनीही डकार पूर्ण केली. आधार : रॅलीचे अधिकृत निकाल.’

चेन्नईस्थित

मसुदा उत्तम आहे. एकच दुरुस्ती : २०१५ मध्ये ते केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीच्या गाडीवर होते, तेव्हा गाडीचेही नाव टाकावे. शोळावरमच्या काळातल्या एका रायडरशी येत्या रविवारी बोलणार आहे. ते तयार असतील तर त्यांचे नामांकन याच नमुन्यात पाठवतो.